भुरा म्हणजे कुठला?

तलासरी,
७ जानेवारी २०२५

देवकीताई,

गाडी पोचली. तुमच्या रूपेशने उंबरगावहून तलासरीपर्यंत फियाट कुठेही बंद पडू न देता आणली. वाटेत हॉर्न तीनदा आपोआप वाजला, तेवढ्या तीन ट्रकवाल्यांच्या शिव्या मात्र खाल्ल्या. कुठल्या भाषेत होत्या विचारलं, तर म्हणाला, दोन गुजरातीत होत्या, तिसरी कळली नाही पण लांब होती. माणूस मला आवडला. कैनाडचा आहे, असंही कळलं. म्हणजे ड्रायव्हर तरी तू आपल्या बाजूचा ठेवलास.

किंजलने तुझा निरोप फोनवर सांगितला. "मामा, मम्मी बोलते फोन नाय करायचा. फोनवर तुम्ही गोड बोलता. काय असेल ते कागदावर लिहा, रूपेशकडे द्या." बरं. बारा वर्षांनी तू काही सांगितलंस, तेही नियमासकट, म्हणून मी नियम पाळतो. बाकीचा निरोपही तिने दिला, जरा घाबरत. भावोजींच्या वरसीच्या, वर्षश्राद्धाच्या, आधी, म्हणजे नऊ फेब्रुवारीच्या रविवारी, गाडी तयार पाहिजे. तू स्वतः येणार. आतला रंग बरोबर असला तर तू गाडीत बसणार आणि स्वतः चालवत नेणार. चुकला असला तर बसणार नाहीस, गाडी रूपेश नेईल, तू एसटीने जाशील, आणि मग गणू नावाचा भाऊ तुला नाही.

स्वतः चालवत! एकसष्टाव्या वर्षी गाडी शिकलीस, आणि मला हे परक्यासारखं भाचीकडून कळतं.

आता कामाचं. तुझी चिठ्ठी मिळाली. "आतला रंग भुरा कर. टिकेल असा लाव." एवढंच. टिकाऊचं मी बघतो, ते माझं पोटापाण्याचं आहे. गाडी समुद्राजवळ उभी असते, आतल्या पत्र्याला खारी हवा लागते, पुढच्या काचेतून ऊन थेट डॅशबोर्डवर. साधा ऑइलपेंट तिथे उन्हाळ्यात चिकट होतो, बोटांचे ठसे घेतो. जुना ड्युको लवकर वाळतो, पण चार पावसाळ्यांत त्याला भेगा. मी दोन भागांचा पीयू रंग मारणार, घट्ट करणारा हार्डनर घालून. खाली इपॉक्सी प्रायमर. आणि चमक मारलेली, म्हणजे मॅट, नाहीतर डॅशबोर्ड काचेत दिसतो आणि नवशिक्या ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. हे तुझ्यासाठी.

एकच अडलंय. भुरा म्हणजे कुठला?

हसू नको. माझ्या काउंटरवर या एका शब्दाने माणसं भांडली आहेत. वापीचा माणूस भूरो म्हणतो तेव्हा त्याला आभाळाचा निळा हवा असतो. हायवेवरचा हिंदीवाला भूरा म्हणतो, त्याला तपकिरी. आणि आपल्या डहाणूच्या घरात भुरा म्हणजे धुळीत लोळलेल्या मांजराचा, ना धड पांढरा ना धड राखाडी. तू लिहिलंस मराठीत, पण राहतेस चाळीस वर्षं गुजरातीत. सोबत पत्र्याचे तीन तुकडे रंगवून पाठवतो, तिन्ही भुरे. पाहिजे त्यावर फुली मार आणि परत पाठव.

तुझा,
गणू


१३ जानेवारी

ताई,

तिन्ही तुकडे परत आले. एकावरही फुली नाही. वर चिठ्ठी, "तुला माहीत आहे."

मला काय माहीत आहे? मी तुकडे उलटेपालटे करून पाहिले, एखाद्यावर नखाची खूण असेल म्हणून. रूपेशला विचारलं, ताईने कुठला तुकडा जास्त वेळ हातात धरला? म्हणाला, "शेठ, त्यांनी पिशवी उघडलीच नाही." झालं.

तोपर्यंत आतलं सगळं उतरवलंय. सीट, दारांचे पुठ्ठे, कप्प्याचं झाकण, स्टिअरिंगखालची नळी. डॅशबोर्डवर माझाच बारा वर्षांपूर्वीचा तपकिरी आहे. टाचेने ठोकला तरी उडत नाही. मी काही वाईट काम केलं नव्हतं, एवढं तरी मान. पण एक गोष्ट मला समजली नाही. जिथे चावी लावताना जुडगा घासतो, जिथे भावोजींचा अंगठा टेकायचा, तिथे तपकिरीवर पुन्हा तपकिरी आहे. ब्रशने मारलेला. एकदा नाही, चार-पाच वेळा. रंग असा जुळवलाय की उजेड तिरका पडल्याशिवाय कळत नाही. दुकानात तो रंग तयार मिळत नाही, मला माहीत आहे, कारण तो मी मिसळला होता. कोणीतरी बसून, थेंब थेंब करून तो जुळवलाय. भावोजींना तो रंग आवडला नव्हता ना? मग हे कोणी केलं?

नमुन्यांवर मी सध्या अत्याचार करतोय. खोबरेल चोळलं, लिंबू पिळलं, पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवले. एकाला सुक्या बोंबलाच्या टोपलीत दोन दिवस पुरून ठेवलं, कारण तुझे हात मला माहीत आहेत. पीयू टिकला. वास मात्र जात नाही.

तेव्हा भाषेचा घोटाळा झाला होता, ताई. भावोजी म्हणाले भूरो, मी तपकिरी समजलो. तुला सांगितलं होतं की मी. आता तोच घोटाळा पुन्हा नको, म्हणून विचारतो. रंगाचं नाव लिही. निळा किंवा तपकिरी. दोन शब्दांतला एक.

गणू


२० जानेवारी

ताई,

आठवडा गेला, उत्तर नाही. रूपेश दोनदा आला आणि हात हलवत गेला. 

मी इकडे सगळ्यांना विचारून वेडा झालोय. झरीचा चैत्या, ज्याची माझ्या गेटसमोर चहाची टपरी आहे, त्याला तुझी चिठ्ठी दाखवली. त्याने ती चष्मा लावून तीनदा वाचली आणि म्हणाला, "गणूशेठ, बाई माणसाने 'तुला माहीत आहे' लिहिलं ना, तर रंगाचं काय नाय बोलत ती." मी म्हटलं, तू चहा कर. म्हणाला, "चहाच करतोय, पन तुमचा चेहरा बघून साखर जास्त टाकली."

प्रायमर मारून झालाय. राखाडी. सगळी गाडी आतून राखाडी उभी आहे आणि मी तिच्यात रोज थोडा वेळ बसतो. कामगारांना वाटतं शेठ काही तपासतोय.

तू आईच्या दिवसाला आली होतीस. पाण्याचा पेला तुझ्यापुढे ठेवला, तू तो तसाच ठेवून उठलीस. लोकांना सांगताना मी म्हणायचो, दुःखात होती, तहान नसेल. भावोजी गेले तेव्हा मी उंबरगावला आलो होतो. मागे, बोटी ओढून ठेवतात तिथे उभा होतो. तुला दिसलो नसेन.

दिसलो होतो का?

खरं सांगायचं तर तू का तोडलंस हे मला बारा वर्षं कळलं नाही, असं मी मागच्या आठवड्यापर्यंत कोणालाही सांगितलं असतं. म्हणजे अगदी काहीच कळलं नव्हतं असं नाही. सोनीबाई सुकी मासळी घेऊन उंबरगावच्या बाजारात जाते. चैत्याच्या टपरीवर ती बस येईपर्यंत थांबते. मी तिथे मोठ्याने बोलतो. एवढं मला ठाऊक होतं.

आज इतकंच. हार्डनर उघडा राहिला की दगड होतो, तो बंद करायला हवा.

गणू


२७ जानेवारी

ताई,

दोनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही.

तू विचारत होतीस तो रंग नव्हता. चैत्याला जे चहा गाळता गाळता समजलं ते मला समजायला तीन आठवडे लागले. की मला आधीच समजलं होतं आणि मी पत्र्याचे तुकडे रंगवत बसलो, तेही आता मला नक्की सांगता येत नाही.

भावोजी गाडी घेऊन आले तो दिवस मला पूर्ण आठवतो. गॅरेजात सहा-सात गिऱ्हाइकं होती. नवा कॉम्प्रेसर आला होता, मी रुबाबात होतो. भावोजी उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे गणू, होडीने डामर चोपडवावाळो तू, गाडीनो रंग तने फावशे?" गाडीचा रंग तुला जमेल का, म्हणून. लोक हसले. भावोजींना मस्करीच करायची होती, मेव्हण्याची करतात तशी. पण मी खरोखरच डांबर लावणारा होतो ना. बाबांच्या होडीखाली उताणा पडून, डोळ्यांत डांबर गेलेला. तू खोबरेल घालून डोळे पुसायचीस. ती गोष्ट त्यांना तूच सांगितली असशील, प्रेमाने. मला मात्र सगळ्यांसमोर नागडं केल्यासारखं झालं.

मग जाताना ते म्हणाले, "अंदर भूरो करजे. मस्त, दरिया जेवो."

दर्यासारखा, ताई. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. दर्या कुठे तपकिरी असतो? मला भूरो म्हणजे निळा हे तेव्हा वीस वर्षं माहीत होतं. अर्धी गिऱ्हाइकं गुजराती, मी गुजरातीत भाव करतो, गुजरातीत भांडतो. मी अगदी नीट ऐकलं आणि अगदी नीट तपकिरी मिसळला. ते गाडी न्यायला आले, दार उघडून आत डोकावले. मी तोंड वेडंवाकडं करून म्हटलं, "अहो भावोजी, भुरा म्हणजे भुराच ना! आम्ही डांबरवाले, आम्हाला काय कळतं?" पुन्हा लोक हसले. या वेळी त्यांना.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. "गणू, मुद्दाम केलंस का?" मी आईची शपथ घेतली. आई आत भाकऱ्या करत होती, तिने ऐकलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि घरी जाऊन नवऱ्याशी भांडलीस. माझा भाऊ खोटं बोलत नाही, म्हणून पंधरा दिवस त्यांच्याशी अबोला धरलास. आणि त्याच पंधरा दिवसांत मी चैत्याच्या टपरीवर ती गोष्ट रंगवून सांगत होतो, कशी जिरवली म्हणून. बाकावर सोनीबाई होती.

त्या पावसाळ्यात आई गेली. डॉक्टरांनी किडनी म्हटलं. मी डॉक्टरांचं मानतो. पण पूर्ण मानतो असं नाही.

एवढंच मला माहीत होतं. तू हे लिहून मागत होतीस, असं मी धरतो. मी उद्या निळा मारणार आहे. त्यांनी मागितला होता तो, दर्यासारखा. बारा वर्षं उशिरा.

गणू


५ फेब्रुवारी

ताई,

आता मी काय करू ते तूच सांग, कारण माझी मती गुंग झाली आहे.

निळा मारला. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. दोन हात, मध्ये पाण्याच्या पॉलिश पेपरने घासून, धुळीचा एक कण नाही. डॅशबोर्ड, कप्प्याचं झाकण, दारांच्या वरच्या पट्ट्या, नळी. भरतीच्या वेळी सकाळी दहा वाजता पाणी दिसतं, तो निळा. आज किंजल बघायला आली. मी दार उघडून बाजूला उभा राहिलो, लहान पोरासारखा.

ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा, आ शुं कर्यु?"

म्हटलं, का, भूरो नाही का?

"हा भूरो नाय. मम्मीला आपला भूरो पाहिजे होता. तुमचावाळो!"

मग तिने जे सांगितलं ते तू मला बारा वर्षांत एकदाही कळू दिलं नाहीस. तुमच्या घरात तपकिरीलाच भूरो म्हणतात. चहा जास्त उकळला की भावोजी म्हणायचे, "आ तो गणूवाळो भूरो थई गयो." सोफ्याचं कव्हर भूरो आण म्हणून त्यांनी किंजलला पाठवलं, दुकानदाराने निळं दिलं, तर तिला परत हाकललं, "आपणो भूरो, गामनो नहीं!" आणि डॅशबोर्डवरचे ते ब्रशचे ठिपके त्यांचे. रविवारी बशीत रंग मिसळत बसायचे, जुळला नाही तर ओतून पुन्हा.

मी तिला विचारलं, भावोजींना माहीत होतं का, मी मुद्दाम केलं ते?

म्हणाली, "पहिल्या दिवसापासून. मम्मीलाच मागून कळलं. पप्पा बोलायचे, साळो जूठो, पण एनो रंग पाको." मेव्हणा खोटा, पण त्याचा रंग पक्का.

ताई, मी त्यांच्यावर हसलो तो अर्धा दिवस. ते त्याच गोष्टीवर अकरा वर्षं, जाईपर्यंत, हसत राहिले, आणि मला बोलावलं नाही. की बोलावणार होते आणि तू आडवी आलीस? की मी गेलो असतो तर चहा मिळाला असता, भूरो? आता कोणाला विचारू?

आणि हे बघ कसं झालं. तेव्हा मला बरोबर कळलं होतं आणि मी मुद्दाम चूक केली. आता मनापासून बरोबर करायला गेलो आणि चुकलो. तोच शब्द.

आज बुधवार. घासून वरून तपकिरी मारला तर शनिवारपर्यंत होतो. जमतं. सकाळी मी पॉलिश पेपर हातात घेतला, पाण्यात बुडवला आणि डॅशबोर्डसमोर बसलो. भावोजींनी मागितला तो हा निळा. तू मागितलास तो तपकिरी. एक गिऱ्हाईक जिवंत आहे, एक नाही, आणि दोघांची गाडी एक. मी जो घासेन तो कोणाचा तरी शब्द घासेन. आणि रविवारी तू बसावीस म्हणून जर मी रंग बदलला, तर तो पुन्हा माझ्या सोयीसाठी लावलेला रंग होईल.

मी हात लावत नाही. निळाच आहे. येताना हे ठाऊक असू दे, दार उघडून धक्का नको. एसटी तलासरीहून दर तासाला आहे, तेही लिहून ठेवतो, म्हणजे तुला माझी कीव करत थांबावं लागणार नाही.

गणू


१० फेब्रुवारी

ताई,

काल तू गेल्यावर चैत्याने मला चार वेळा चहा आणून दिला आणि पाचव्यांदा म्हणाला, "शेठ, आता बसा." तेव्हा मला कळलं मी तासभर गेटात उभा होतो.

जे झालं ते तुला माहीतच आहे, तरी लिहितो, कारण मला त्याचा उलगडा होत नाही. तू रिक्षातून उतरलीस. पांढऱ्या साडीवर किंजलचे बूट घातले होतेस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. दार उघडलंस, आत वाकून बघितलंस. किती वेळ, कोण जाणे. मग तू म्हणालीस, "चुकलाच शेवटी."

मी म्हटलं, हो.

"हे असते तर बोलले असते, साळा, हवे समज्यो?" आता समजलास का, म्हणून.

मी हसायला गेलो आणि मला हसता आलं नाही. तुलाही आलं नाही. तेवढ्यात रूपेश चावीसाठी पुढे आला. ठरल्याप्रमाणे. तू त्याला म्हणालीस, "सरक तिकडे," आणि बसलीस.

का बसलीस, ताई? तुझाच नियम होता. रंग चुकला तर बसणार नाही. तो चुकला, तू तोंडाने म्हणालीस. मी रात्र काढली तरी मला हे जुळवता आलं नाही. माफ केलंस, असं म्हणावं तर तू तसा एक शब्द बोलली नाहीस. नाही केलंस म्हणावं तर डॅशबोर्डवरून हात फिरवलास, इकडून तिकडे, आणि हात हुंगलास. तो बोंबलाचा वास नव्हता ना? तो तुकडा मी गाडीपासून लांब ठेवला होता.

किंजल शेजारी, रूपेश मागे. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाली, हॉर्न आपला आपण वाजला, तू त्याला गुजरातीत शिवी दिलीस आणि मराठीत गिअर टाकलास. मी "डावीकडे, डावीकडे" ओरडलो. तू उजवीकडे गेलीस. माझ्या गेटचा सिमेंटचा खांब तीस वर्षांत कोणी घासला नव्हता, तू गाडी त्याला दारापासून मागच्या चाकापर्यंत घासत गेलीस. थांबली नाहीस. काच खाली करून बघितलंसही नाही. हायवेला लागलीस आणि गेलीस.

हे ड्रायव्हिंग नवीन म्हणून झालं की आणखी काही होतं, ते मी विचारणार नाही. तो अधिकार मला नाही.

पण पत्रा उघडा पडलाय, मी इथून पाहिलं. तुमच्याकडची हवा त्याला आठ दिवसांत गंज लावेल. वरसी झाली की काम करून घ्यायलाच हवं. दोन दिवसांचं आहे. दाराच्या बाहेरचा रंग कुठला, हे मी या वेळी विचारत नाही, तुझ्यासमोर मिसळीन, तू थांब म्हणशील तिथे थांबेन.

गाडी तू घेऊन ये. रूपेशला पाठवलीस तर मी गेट उघडणार नाही.

गणू